हवा मारायची नाही

मी अकरा वर्षं गास्केटं कापली. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, गास्केट म्हणजे काय. कुकरच्या झाकणाला रबराची रिंग असते ना, तिचीच ही मोठी बहीण. कारखान्यातले पाइप, पंप, बॉयलर यांची लोखंडी तोंडं कितीही आवळली तरी मधून वाफ निसटते, तेल गळतं. म्हणून मध्ये एक चकती बसवतात. कडक वाफेपुढे रबर टिकत नाही. तिथे न जळणारी शीट लागते, आणि आमच्याकडे ती ॲस्बेस्टॉसची होती.

हे नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आम्ही शीटला शीट म्हणायचो. बॉयलरच्या दारांना लावायची जाड पांढरी दोरी यायची, तिला कापूस म्हणायचो. हाताला मऊ लागायची. ती कापली की तिचे तंतू खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायचे, आणि खरं सांगते, ते दिसायला छान दिसायचं.

मी मूळची वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा बी.ए.चं दुसरं वर्ष झालं होतं, तिसरं राहून गेलं. वडिलांनी ते मनाला फार लावून घेतलं. आमच्या घरात चार पिढ्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली होते. नवरा हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवतो. विश्रांतवाडीत आमच्या दोन खोल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी काम शोधलं आणि शेजारणीच्या ओळखीने एका औद्योगिक गल्लीतल्या शेडमध्ये लागले. मोठी उंच खोली, वर पत्रा, एका बाजूला मालकांची केबिन.

कापायला आम्ही सहा बायका होतो. मला काम शिकवलं मावशीने. तिला सगळेच मावशी म्हणायचे, मालकसुद्धा. वाघोलीच्या पलीकडच्या एका गावातली; नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, सून. शेड सुरू झाली तेव्हापासून ती तिथे होती. लहान चकत्या प्रेसवर निघायच्या, पण मोठ्या व्यासाच्या कात्रीनेच कापाव्या लागत, आणि त्या मावशीच्या वाट्याच्या. ती शीटवर गोल आखायची आणि अशी कापायची की कडेला एक दात उमटत नसे. "कात्री हलवायची नाय," ती मला म्हणायची. "शीट फिरवायची. कात्री हाय तिथंच ऱ्हाती." मला हे जमायला वर्ष लागलं.

रोज सुटायच्या आधी हवा मारायची असायची. म्हणजे कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन टेबलं, प्रेस, कोपरे, सगळ्यावरून जोरात हवा सोडायची. धूळ उडायची, थोडी दारातून बाहेर जायची, बाकीची हळूहळू खाली बसायची. मग कोरड्या झाडूने झाडायचं. मग तोच पाइप आम्ही एकमेकींच्या अंगावर धरायचो. केस, पाठ, साडी. गार वाटायचं, हसायला यायचं, आणि दिवसभराची पांढरी भुकटी उडून जायची. उडून गेली असं आम्हाला वाटायचं. घरी पोचले की मुलगी धावत येऊन पदराला बिलगायची.

मावशीचा खोकला कोविडच्या आधीपासूनचा. कोरडा, काही न पडणारा. पुढे ती जिना चढताना थांबायला लागली. मग बसस्टॉपवरून शेडपर्यंत येताना दोनदा थांबायला लागली आणि थांबल्याचं लपवायला चप्पल काढून झटकायला लागली. तिच्या भागातल्या डॉक्टरने टीबी ठरवून सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण एक्सरेत सावली होती. गोळ्या तिने एकही न चुकवता घेतल्या. लघवी लाल झाली, भूक गेली, खोकला राहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा तोच कोर्स दिला.

सुपरवायझर एकदा तिला म्हणाला, "मावशी, मिश्री कमी करा."

"मिश्री दाताला लावत्यात," मावशी म्हणाली. "फुप्फुसाला नाय."

दुसरा कोर्सही वाया गेल्यावर मी एक दिवस खाडा केला आणि तिला सरकारी छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिचा मुलगा टेम्पो चालवतो, त्याला सुट्टी मिळत नव्हती. सून बाळंतीण होती. तीन तास बाकावर बसलो. डॉक्टर माझ्याहून लहान होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने मावशीच्या पाठीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, जुने एक्सरे उजेडाला धरले, आणि तीन वर्षांत कोणीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"काम काय करता?"

"कंपनीत," मावशी म्हणाली.

"कंपनीत काय?"

"कापते."

"काय कापता?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "शीट. गास्केटची."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कशाची शीट?"

अकरा वर्षांतली नऊ तेव्हा झाली होती, आणि मी रोज हातात धरते ते काय आहे हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माल ज्या कागदात येतो त्यावर लेबल असेल. त्याचा फोटो काढून आणा. तोवर ह्यांचा सीटी स्कॅन करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोटो काढला आणि संध्याकाळी बसमध्ये बसून मोठा करून वाचला. वर कंपनीचं नाव, खाली माप, त्याखाली बारीक इंग्रजीत तीन ओळी. यात ॲस्बेस्टॉस आहे. याची धूळ श्वासातून आत गेल्यास आरोग्याला धोका आहे, कर्करोग होऊ शकतो. धूळ होऊ देऊ नका. मी त्या ओळी आळंदी रस्त्यापर्यंत परत परत वाचल्या. मालकाचा राग नंतर आला. आधी स्वतःचा आला. मला इंग्रजी वाचता येत होतं. ते लेबल रोज माझ्यासमोर होतं. इतकंच नाही, तो कागद जाड आणि चांगला म्हणून मी घरी नेला होता आणि मुलीच्या वह्यांना त्याची कव्हरं घातली होती. त्या रात्री जेवायच्या आधी मी सगळी कव्हरं ओल्या फडक्याने पुसून काढली आणि पिशवीत बांधली. मुलगी विचारत राहिली, आई काय झालं. मी तिला खरं ते सांगितलं.

स्कॅन आल्यावर डॉक्टरने आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. हा टीबी नाही, कधीच नव्हता. हे तंतू इतके बारीक असतात की डोळ्याला दिसतात ते त्यांचे पुंजके. खरे तंतू दिसतच नाहीत. ते आत जातात आणि बाहेर येत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुस कडक होत जातं. कोणाला लागण होणार नाही. पण गेलेला श्वास परत येणार नाही.

"मास्क लावला असता तर?" मी विचारलं. कोविडमध्ये मालकांनी हिरव्या मास्कचा एक खोका आणून ठेवला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

"तसल्या मास्कचा उपयोग नाही. चांगला मास्कसुद्धा शेवटचा उपाय. आधी धूळच होऊ द्यायची नाही. माल ओला करून कापायचा, धूळ ओढून घेणारं यंत्र बसवायचं, हवा मारायची नाही, कोरडं झाडायचं नाही, कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे हा मालच वापरायचा नाही. दुसरा मिळतो." मग ती मावशीकडे वळली. "हा आजार कामामुळे झालेला आहे. तो मला सरकारला कळवावा लागतो. मी कळवणार आहे. त्याचा तुमच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो."

"ह्या दमापायी नोकरी गेलीच की माझी," मावशी म्हणाली. "लिव्हा तुमी."

दुसरा मिळतो, हे शब्द मी घेऊन निघाले. कारण दुसरा माल मला माहीत होता. तो आमच्याच शेडमध्ये होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी मालकांना परदेशातली ऑर्डर मिळाली होती. त्यासाठी वेगळी हिरवट शीट येऊ लागली आणि शेडच्या एका टोकाला काचेची खोली उभी राहिली. आत एसी, टेबलाच्या वर धूळ ओढणारी मोठी नळी, दाराशी पाय पुसायला चिकट चटई. आत काम करणाऱ्या दोन मुलींना टोपी आणि ॲप्रन. आमच्यापैकी कोणी चुकून दार उघडलं तर सुपरवायझर ओरडायचा. आम्हाला एसीचा हेवा वाटायचा. मला वाटायचं, बाहेरदेशीचा माल नाजूक असेल. आता कळलं. त्या गिऱ्हाइकाला ॲस्बेस्टॉसचा कणसुद्धा नको होता. आमच्या टेबलावरची धूळ त्यांच्या चकत्यांना लागू नये म्हणून मध्ये काच होती. आम्ही काचेच्या ह्या बाजूला होतो.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते कधी कोणाला अरे-तुरे करत नाहीत. "बसा ना," म्हणाले. मी उभीच राहिले आणि मावशीचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला. "वाईट झालं. त्यांना काही मदत लागली तर सांगा."

"मालाला धूळ लागू नये म्हणून तुम्ही काच लावली. आम्हाला लागते तिचं काय?"

"अहो, तो कस्टमरचा आग्रह. त्यांच्याकडे नियम फार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्या मालावर आपल्याकडे बंदी आहे का? नाही. मी काही चोरून करत नाही. दुसरी शीट महाग पडते, इथल्या गिऱ्हाइकाला परवडत नाही. आणि मी इतकी वर्षं ह्याच शेडमध्ये बसतोय. मला काय झालं?"

"तुम्ही केबिनमध्ये बसता. दार लावून."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आपलं शिक्षण किती झालंय?"

"बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत."

"मग तेवढंच बोला," ते म्हणाले आणि हसले.

मी हसले नाही. पण त्या वाक्याने माझं एक काम सोपं केलं. आतापर्यंत मला त्यांच्यासमोर उभं राहताना भीती वाटत होती. आता नुसता राग होता, आणि रागात मला नीट काम करता येतं.

त्या संध्याकाळी सुपरवायझरने कॉम्प्रेसर लावला. मी जाऊन हवेचा कॉक बंद केला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"हवा मारायची नाही."

"मग साफ कसं करायचं?"

मी बादली भरून आणली. फरशीवर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्याने माझं टेबल पुसलं, फडकं पिशवीत घालून तोंड बांधलं. बाकीच्या बघत उभ्या होत्या. मी त्यांना डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं, लेबलाचा फोटो दाखवला, मराठीत वाचून दाखवला. दोघी लगेच पुढे आल्या. प्रेसवर काम करणाऱ्या ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मावशीच्या खालोखाल जुन्या त्याच होत्या.

"तुझा नवरा बस चालवतो," त्या म्हणाल्या. "माझा घरी बसतो. उद्या शेड बंद पडली तर मी काय खाऊ? तुझं लेबल?"

मी म्हणाले, "ताई, मला माहीत नाही. पण हवा मारू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने स्वतः पाइप घेतला. मालकांचा हुकूम होता. तो हवा मारायला लागला की आम्ही बाहेर जाऊन रस्त्यावर उभ्या राहायचो. चौघी. ताई आत थांबायच्या, तोंडाला पदर लावून. आजूबाजूच्या शेडमधले लोक विचारायचे, काय, संप आहे का? आम्ही सांगायचो, नाही, धूळ आहे. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सुपरवायझरच बाहेर आला. उन्हात उभा राहून त्याने आपली बाही बघितली, मग दुसरी बघितली. "मलाही दोन पोरं आहेत," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. तेव्हापासून तो आमचा होता असं नाही. पण तेव्हापासून हवा कोणी मारली नाही.

फडक्याने भागणार नव्हतं हे मला कळत होतं. कापताना, घासताना धूळ होतच होती. मी कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. दोन पानं, माझ्या अक्षरात. कोणता माल, कसा कापतो, किती जणी, मावशीचा रिपोर्ट, काचेची खोली. तीन सह्या माझ्यासोबत, पाचवी मावशीची. तिने घरी अंथरुणावर बसून, दम घेत घेत, पूर्ण नाव लिहिलं. मी म्हणाले, अंगठा चालेल. ती म्हणाली, "अंगठा कशापायी? मला येतंय की."

काही आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी मालकांनी सांगितलं, उद्या मशीनची देखभाल आहे, सगळ्यांना भरपगारी सुट्टी. इतक्या वर्षांत असली सुट्टी आम्ही पाहिली नव्हती. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. "उद्या तुम्हाला सुट्टी दिलीय. त्यातून काय समजायचं ते समजा," म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी आम्ही चौघी शेडच्या दाराशी होतो. मावशी मुलाच्या टेम्पोतून आली. आत सगळं धुतलेलं होतं. आमची टेबलं काचेच्या खोलीत नेऊन ठेवली होती, पांढरी दोरी कुठे दिसत नव्हती. निरीक्षक साहेब फाइल घेऊन उभे होते, मालक त्यांना नळी दाखवत होते.

आम्हाला बघून मालक म्हणाले, "आपण आज सुट्टीवर आहात ना?"

"सुट्टीच हाय," मावशी म्हणाली. "म्हणून तर येळ हाय."

दारापासून खुर्चीपर्यंतच्या दहा पावलांत ती तीनदा थांबली. साहेबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं; ते निळसर झाले होते. बसल्यावर तिने टेबलावर एक पिशवी ठेवली, दुहेरी प्लास्टिकची, गाठ मारलेली. "ह्यात माझी कामाची साडी हाय. शेवटच्या दिवसाची. डाक्टरीणबाईंनी सांगितलं, झटकू नका, उघडू नका. म्हणून तशीच ठिवली. तुमच्या मशिनीत घाला आन बघा काय निघतंय."

साहेबांनी विचारलं, "इथे कधीपासून आहात?"

"शेड हाय तवापासनं."

मालक म्हणाले, "साहेब, रजिस्टर बघा. ह्या चार वर्षांपूर्वी लागल्या."

रजिस्टरमध्ये तसंच होतं. मावशीचं नाव चार वर्षांपूर्वीच्या पानावर, नीटनेटक्या अक्षरात. आधीची वर्षं कुठेच नव्हती. मावशी माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे एकही कागद नव्हता. तेव्हा मागून सुपरवायझर बोलला. आवाज बारीक होता, पण बोलला.

"मी चौदा वर्षांपूर्वी लागलो, साहेब. तेव्हा त्या इथे होत्याच. मला काम त्यांनीच दाखवलं." आणि मग, कोणी न विचारता, "मागच्या गोडाऊनची किल्ली माझ्याकडे आहे."

गोडाऊनमध्ये सगळं होतं. शीट, दोरी, फाटलेली पोती, आणि कोपऱ्यात आम्ही वर्षानुवर्षं झाडलेली भुकटी.

त्यानंतर लेखी आदेश आला. धूळ ओढणारी यंत्रणा बसेपर्यंत जुन्या मालाचं काम बंद, आणि सगळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने. माझ्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाली, आज नाही. हा आजार सावकाश येतो, दर वर्षी येत जा. मी जाते. जायच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही, हे मी कोणाला सांगत नाही.

ताईंच्या स्कॅनमध्ये निघालं. रिपोर्ट मिळाला त्या संध्याकाळी त्या विश्रांतवाडीला माझ्याकडे आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी तो पूर्ण संपवला, कप बशीत उपडा घातला आणि म्हणाल्या, "तो लेबलाचा फोटो पाठव मला." मी पाठवला. पुढे त्यांनी तो गल्लीतल्या निम्म्या शेडमध्ये पोचवला. ॲस्बेस्टॉसचेच ब्रेकचे लायनर घासणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तर त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथल्या लोकांना विचारलं, तुम्ही पण हवा मारता का?

मालकांनी वर्षाच्या आत जुना माल पूर्ण बंद केला. परवडत नाही म्हणत होते, ते परवडलं. इथल्या गिऱ्हाइकांनी थोडी कुरकुर केली आणि नवा माल घेतला. काचेची खोली आता तिथे नाही, सगळी शेडच तशी झाली आहे असं ऐकते. ऐकते म्हणायचं कारण, मी तिथे नाही. काम कमी आहे असं सांगून त्यांनी मला काढलं. काम फक्त माझंच कमी झालं होतं. मी कामगार न्यायालयात गेले आहे. तारखा पडतात. मी एकही चुकवलेली नाही.

मावशी त्यानंतर दोन वर्षं होती. ऑक्सिजनच्या मशीनला लांब नळी लावून ती उंबऱ्याजवळ बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, तू कुठं काम करतोस, तिथं धूळ हाय का. लोक रस्ता बदलायला लागले तरी थांबली नाही. ती गेली तेव्हा मी दवाखान्यातच होते. मृत्यूच्या कागदावर ड्यूटीवरच्या डॉक्टरने लिहिलं, हृदयक्रिया बंद.

मावशीची सून तशी फार बोलत नाही. ती म्हणाली, "हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. कशानं पडलं ते लिहा."

तो म्हणाला, आता उशीर झालाय, बॉडी घेऊन जा. आम्ही दोघी त्या टेबलापासून हललो नाही. मी पिशवीतून पहिल्या रिपोर्टपासूनची फाइल काढून ठेवली. गावाकडून आलेले एक वडीलधारे चिडले. मेल्यावर कागदाचं काय करायचं, तिकडे लोक खोळंबलेत. सून त्यांना म्हणाली, "मामा, जित्तेपणी तीन वर्षं टीबी म्हणून काढली त्यांनी. आता तरी खरं लिहू द्या." दोन तासांनी डॉक्टरने फाइल पूर्ण वाचली आणि आजाराचं नाव लिहिलं, खाली कामामुळे झालेला असंही. सुनेने कागद हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाचलं. मगच आम्ही निघालो.

मी सध्या मार्केट यार्डात एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे बिलं लिहिते. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या गोदामावरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायला घेतले. हेही ॲस्बेस्टॉसचेच. दोन कामगार वर चढून ग्राइंडरने कापत होते, आणि पांढरी धूळ खाली ढेपा उचलणाऱ्या हमालांच्या डोक्यावर पडत होती. मी बाहेर येऊन वरच्यांना थांबायला सांगितलं.

व्यापारी म्हणाले, "बाई, तुम्ही बिलं लिहायला आहात की इंजिनियर आहात?"

"बिलं लिहायला. पण ते ग्राइंडर बंद करा."

हमालांचे मुकादम म्हातारे आहेत. त्यांनी मला विचारलं, काय भानगड आहे. मी दोन मिनिटांत सांगितलं. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं, त्यावरची पांढरी धूळ पाहिली, आणि झटकायला हात उचलला तेवढ्यात मी म्हणाले, झटकू नका. त्यांनी ते तसंच घडी करून खाली ठेवलं आणि आपल्या माणसांना म्हणाले, "बसा रे."

बाहेर ट्रक उभे. व्यापाऱ्यांनी तीन फोन केले, मग वरच्या दोघांना खाली बोलावलं. पत्र्यांवर पाणी मारलं, बोल्ट सोडले, एकेक पत्रा अख्खा खाली घेतला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला. दुपार गेली त्यात. वर चढलेल्या दोघांना मी त्या डॉक्टरचा पत्ता दिला. व्यापारी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बिलबुकावर सही करता करता, मान वर न करता म्हणाले, "माझ्या गावच्या घरावर पण तसलेच पत्रे आहेत. काय करायचं?"

मी म्हणाले, "आहेत तसे राहू द्या. फोडू नका, घासू नका, भोक पाडू नका. आणि काढायचे असतील तेव्हा आधी मला सांगा."